पहिली दुर्बीण घेताना
(जंगलवारीची तयारी करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

दुर्बीण बघायला दुपारी बारा वाजता येऊ नका. संध्याकाळी, दिवेलागणीच्या अर्धा तास आधी या. धंद्याच्या दृष्टीनं ही वेळ आम्हाला गैरसोयीचीच, कारण तेव्हा नागपूरच्या बर्डीवर पाय ठेवायला जागा नसते. पण दुर्बिणीतला फरक त्याच वेळी कळतो. भर उन्हात दोन हजारांची दुर्बीण आणि वीस हजारांची दुर्बीण नवख्या डोळ्याला जवळपास सारखीच वाटते. तसं का होतं, ते पुढे येईलच.

आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, 'किती किलोमीटरवरचं दिसतं?' चंद्र साडेतीन लाख किलोमीटरपेक्षा लांब आहे आणि तो दुर्बिणीशिवायही दिसतो. म्हणून हा प्रश्न सोडून द्या आणि दुर्बिणीवर छापलेले दोन आकडे वाचायला शिका. ८×४२ यातला ८ म्हणजे पट. ऐंशी मीटरवरचं सांबर दहा मीटरवर उभं असल्यासारखं दिसेल. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. उजेड आत येतो तो एवढ्याच दारातून.

पट जास्त, तितकं बरं?

असं वाटणं साहजिक आहे. या दुकानाच्या मालकांनीही पहिली दुर्बीण घेतली ती जत्रेतली २०×५०. ती घेऊन ते नागझिऱ्याला गेले आणि तिथे त्यांना दिसली ती मुख्यतः स्वतःच्या हाताची थरथर. दुर्बीण जनावर वीस पट जवळ आणते, तशी हाताची हालही वीस पट मोठी करते. त्यात तुम्ही सफारीच्या उघड्या जिप्सीत बसलेले, शेजारचा माणूस फोटोसाठी उठबस करतोय, आणि बंद करा म्हटलं तरी ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलेलं. आठ पट बहुतेकांच्या हातात स्थिर राहते. दहा पट सरावानं जमते. बारा आणि त्यापुढची दुर्बीण तिपाईवर ठेवायची वस्तू आहे.

दुसरी अडचण जंगलात गेल्याशिवाय ध्यानात येत नाही. पट वाढली की दिसणारा पट्टा अरुंद होतो. साधारण ८ पटीच्या चांगल्या दुर्बिणीतून पन्नास मीटरवर सात मीटर रुंदीचा भाग दिसतो, १० पटीतून सव्वापाच मीटरच्या आसपास. क्षेत्रफळात मोजलं तर हा फरक पावणेदोन पटीचा होतो. गाइड कुजबुजतो, 'डावीकडे, ऐनाच्या मागं, बांबूच्या बुडाशी.' तुम्ही दुर्बीण लावता आणि समोर नुसती पानंच पानं. कुठला ऐन? कुठला बांबू? तोवर बिबट्या गेलेला असतो.

आता आमच्याच धंद्याच्या विरोधात एक गोष्ट. ताडोब्यात रस्त्यावर आलेला वाघ बघायला दुर्बीण लागत नाही, तो तीस मीटरवर असतो. दुर्बीण उपयोगी पडते ती उरलेल्या साडेतीन तासांत. चितळानं धोक्याचा कॉल दिला तेव्हा ते मान वळवून नेमकं कुठे बघतंय, झाडावरचं वानर खाली कशाला बघून खोकतंय, तळ्यापलीकडे रानकुत्री आहेत की गावची, हे तिच्यातून कळतं. नुसता वाघच बघायचा असेल, तर पैसे वाचवा.

उजेडाची टिकली

दुर्बीण हात लांब करून उजेडाकडे धरा आणि डोळ्याकडच्या भिंगांत बघा. प्रत्येकात एक उजळ गोल टिकली दिसेल. सगळ्या दुर्बिणीत आम्ही आधी बघतो ती ही टिकली, कारण दुर्बिणीनं गोळा केलेला उजेड तिच्यातूनच डोळ्यात शिरतो. तिचं माप काढायला शाळेतला भागाकार पुरतो. भिंगाच्या व्यासाला पटीनं भागा. ८×४२ ची टिकली सव्वापाच मिलिमीटरची येते, १०×४२ ची ४.२ आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ ची फक्त अडीच.

तुमच्या डोळ्याची बाहुलीही लहानमोठी होत असते. कडक उन्हात ती दोन-तीन मिलिमीटरवर येते. मग टिकली सव्वापाचची असली तरी बाहुली आत घेते तेवढंच, बाकीचा उजेड बाहेर सांडतो. म्हणून दुपारी खिशातली दुर्बीण आणि मोठी दुर्बीण सारखीच उजळ भासते. आणि म्हणूनच दुपारी येऊ नका म्हटलं. सूर्य कलला की बाहुली पाच मिलिमीटर आणि त्याहूनही मोठी होते. आता अडीचची टिकली अपुरी पडते. झाडाखालचा अंधार दुर्बिणीत आणखी काळा दिसतो, नुसत्या डोळ्यानं दिसत होतं तेही दिसेनासं होतं.

जंगलातली जनावरं हलतात ती याच वेळी. गेट पहाटे उघडतं तेव्हा झाडीत अजून झुंजूमुंजूच असतं, आणि संध्याकाळची फेरी संपता संपता पाणवठ्यावर गर्दी होते. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायला जाणारे बरेच ग्राहक दर वर्षी आमच्याकडे येतात. त्या रात्री पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजतात. वाघांची खरी मोजणी आता कॅमेरा ट्रॅपनं, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यानं होते, पण चांदण्यात पाणवठ्यावर रात्र काढायची मजा वेगळीच. त्या रात्री १०×२५ घेऊन बसलात तर डोळे चोळत बसाल. ८×४२ मधून पाण्याच्या काठावरचा काळा आकार अस्वल आहे की रानडुक्कर, हे चांदणं चांगलं असेल तर ओळखता येतं.

वयाचाही हिशेब करा. विशीत अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीत पाचपर्यंत उघडली तरी पुष्कळ. जहाजावर वापरतात तशी ७×५० ची जड दुर्बीण वडिलांसाठी मागायला काही जण येतात. तिची टिकली सात मिलिमीटरची. वडिलांचा डोळा त्यातला अर्धाच उजेड घेईल, आणि जवळपास किलोभर वजन मात्र पूर्ण त्यांच्या मानेवर. त्यांना ८×४२ द्या. तीही जड वाटली तर ८×३२ घ्या. चार मिलिमीटरची टिकली अगदी शेवटच्या पंधरा मिनिटांत कमी पडेल, एवढंच.

चष्मा असेल तर

चष्मा काढून दुर्बीण वापरता येते, पण जिप्सीत दर दोन मिनिटांनी चष्मा काढायचा-घालायचा म्हणजे एक तर तो हरवेल नाही तर त्यावर कोणी बसेल. त्यापेक्षा दुर्बिणीचा आय रिलीफ विचारा. डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, ते हे अंतर. चष्मेवाल्यांना किमान १५ मिलिमीटर लागतं, १७-१८ असेल तर उत्तम. कमी असेल तर चित्राच्या कडा कापल्या जातात आणि दारातल्या भोकातून बघितल्यासारखं वाटतं. चष्मा घालून बघताना डोळ्याकडचे रबरी कप आत फिरवून ठेवायचे, चष्मा नसेल तर बाहेर काढायचे. वर्षभर उलटे वापरून 'माल खराब आहे' म्हणत आलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत.

दोन्ही डोळ्यांचा नंबर बहुधा वेगळा असतो, त्यासाठी उजव्या डोळ्याकडे एक फिरती कडी असते. उजवं भिंग हातानं झाकून, मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा. मग डावं झाकून, चाकाला हात न लावता ती कडी फिरवा. हे एकदाच करायचं. पुढे फक्त चाक.

काच

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ १९९७ साली रानपिंगळा (एक छोटं घुबड) पुन्हा सापडला. त्याआधी ११३ वर्षं त्याची खात्रीशीर नोंद नव्हती. तो आज मेळघाटातही आहे, आणि आपल्या गावातल्या साध्या पिंगळ्याशी त्याची गल्लत होते. फरक डोक्यावर बघायचा. पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं, रानपिंगळ्याचं जवळपास कोरं. हे ठिपके दिसणं न दिसणं पटीपेक्षा काचेवर ठरतं.

दुर्बिणीच्या आत चित्र सुलट करणारे काचेचे ठोकळे असतात, त्यांना प्रिझम म्हणतात. ते बीएके-४ नावाच्या काचेचे आहेत का, विचारा. डब्यावर लिहिलेलं नसेल तर पुन्हा टिकली बघा. ती नीट गोल असावी. कडा चौकोनी, राखाडी दिसल्या तर प्रिझम हलक्या दर्जाचे आहेत. 'फुली मल्टिकोटेड' असं लिहिलेलं असावं, म्हणजे उजेड परत फेकला जाऊ नये म्हणून प्रत्येक काचेवर अनेक थरांचं कोटिंग आहे. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत, जिला रूफ प्रिझम म्हणतात, फेज कोटिंगही (चित्र रेखीव ठेवणारा प्रिझमवरचा थर) हवं. जुन्या धाटणीच्या, खांदे बाहेर आलेल्या पोरो दुर्बिणीला त्याची गरज नसते, त्यामुळे कमी पैशात चांगलं चित्र हवं असेल तर पोरो घ्या. ती दिसायला आजोबांची वाटते आणि फारशी जलरोधक नसते, हे मान्य.

लाल चकाकणारी भिंगं घेऊ नका. तो लाल रंग म्हणजे परत फेकलेला उजेड, आतलं चित्र हिरवट होतं. झूमवाली दुर्बीणही नको. पट बदलते खरी, पण पट्टा अरुंद आणि दोन्ही नळ्या एका रेषेत राहत नाहीत, मग डोकं दुखतं.

बंदुकीची दुर्बीण मागणाऱ्यांना

मोठ्या शिकारीसाठी पहिल्या रायफलवर कुठली स्कोप लावू, असं अमेरिकेतल्या भाच्यानं विचारलंय, असे फोनही येतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि आम्ही रायफल स्कोप ठेवत नाही. पण भाच्याला वरचाच भागाकार सांगा. तिकडे खपणारी ३-९×४० (पट ३ ते ९ बदलणारी) स्कोप ९ पटीवर ४.४ मिलिमीटरची टिकली देते. अंधार पडू लागला की पट कमी करायची. त्याच्या स्कोपला आय रिलीफ नऊ-दहा सेंटिमीटर हवा, नाहीतर गोळी सुटताना धक्क्यानं तिची कडा भुवईवर बसते. जनावर शोधायला मात्र त्यानंही साधी दुर्बीणच वापरावी. स्कोपमधून बघायचं म्हणजे बंदुकीची नळी तिकडे रोखायची, आणि झुडपामागे माणूस निघाला तर?

धूळ आणि पावसाळा

विदर्भातल्या दुर्बिणी पडून फुटण्यापेक्षा पुसून जास्त खराब होतात. मे महिन्यात सफारीहून आल्यावर भिंगावर जी धूळ असते ती बारीक वाळूच आहे. तिच्यावर दुपट्टा फिरवला की कोटिंगवर चरे पडतात. आधी रबरी फुंकणीनं (ब्लोअर) किंवा मऊ ब्रशनं धूळ उडवा, मगच भिंगाच्या कापडानं हलकेच पुसा. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. पावसाळ्यात कपाटात कातडी पिशवीत ठेवलेल्या दुर्बिणीला हमखास बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आत नायट्रोजन भरलेली दुर्बीण घेतलीत तर भिंगांवर आतून वाफ धरत नाही. आणि लहान मुलांच्या हातात देताना सूर्याकडे बघू नका हे दर वेळी सांगा, कारण एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो.

चालेल अशी ८×४२ आजच्या भावात दहा-बारा हजारांपासून सुरू होते. तेवढं बजेट नसेल तर तसं मोकळेपणानं सांगा, पोरो दाखवू. येताना चष्मा आणा, जंगलात घालायची टोपीही आणा, कारण तिची कड दुर्बिणीला अडते की नाही ते इथेच कळेल. गच्चीवरून समोरच्या कडुलिंबाखालची सावली दिसते. तीन दुर्बिणी लावून बघा आणि सावलीत बसलेल्या कुत्र्याचे कान कुठल्या दुर्बिणीतून शेवटपर्यंत दिसतात ते आम्हाला सांगा. घेतल्यावर सहलीआधी दोन-चार संध्याकाळी फुटाळा तलावावर जाऊन बगळ्यांवर हात बसवा. सहलीत काही बिघडलं तर दुर्बीण उघडू नका, तशीच आणून द्या.