स्क्रीन लपलप करतीय: सॉफ्टवेअर गंडलंय की डिस्प्ले गेलाय?

कुणाचाही फोन लपलप करायला लागला की आपल्याकडं दोन प्रकारचे सल्लागार लगेच हजर. एक म्हणतो "रिसेट मार, जाईल", दुसरा म्हणतो "फोल्डर (म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले) गेला, बदलावा लागणार". दोघांनी फोन हातात पण घेतलेला नसतो. सांगलीत स्टँडजवळच्या कुठल्याही मोबाईल दुकानाच्या काउंटरला जरा वेळ टेकून उभं राहा, हेच कानावर पडतंय, आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर विचारूच नका, तिथं "क्लीनर अ‍ॅप टाक" म्हणणारे एक दाजी असतातच.

सॉफ्टवेअरची बाजू सगळ्यांना माहितीय त्यामुळं पटकन उरकतो. रीस्टार्ट करा, अपडेट आलं असेल तर टाका, नवीन टाकलेलं अ‍ॅप काढून बघा, विशेषतः स्क्रीन पिवळी करणारी नाईट फिल्टरवाली अ‍ॅप्स, कारण ती सगळ्या स्क्रीनवर स्वतःचा एक थर चढवून बसतात. सेफ मोडमध्ये चालू करून बघा, बऱ्याच अँड्रॉइड फोनात पॉवर ऑफचं बटण स्क्रीनवर आलं की त्यालाच दाबून धरायचं, मग बाहेरून टाकलेली सगळी अ‍ॅप्स बंद राहतात. तिथं लपलप थांबली तर कुठलं तरी अ‍ॅपच आहे. बास, एवढंच.

खरा घोळ पुढं आहे. फोनमध्ये चित्र तयार होणं वेगळं आणि ते काचेवर दिसणं वेगळं. प्रोसेसर चित्र बनवतो, ते पातळ पट्टीतनं, म्हणजे दुकानदार ज्याला फ्लेक्स म्हणतात त्यातनं पॅनेलकडं जातं, आणि पॅनेल ते दाखवतं. घरी टीव्हीवर चित्र फाटायला लागलं की आपण शेजारी विचारून येतो ना, "तुमच्यात पण तसंच दिसतंय का?", त्यांच्यात पण फाटत असेल तर केबलवाल्याला फोन, नसेल तर आपला टीव्ही. फोनला पण हाच प्रश्न विचारायचाय, चित्रच फाटकं बनतंय का चांगलं बनून काचेवर फाटतंय.

आणि ते विचारायला स्क्रीनशॉट आहे. स्क्रीनशॉट म्हणजे काचेचा फोटो नाही, लोक इथंच चुकतात. फोननं आतल्या आत जे चित्र बनवलं त्याची ती प्रत आहे, पॅनेलचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. अगदी काच फुटून चक्काचूर झालेल्या फोनचा स्क्रीनशॉट पण गुळगुळीत येतो, तडा दिसत नाही त्यात. म्हणजे रेघा, ठिपके, फाटलेलं चित्र स्क्रीनशॉटमध्ये आलं तर दोष चित्र बनतानाचा, डिस्प्ले बदलून तो जाणार नाही (क्वचित मदरबोर्डवरची चिप पण असू शकते, पण तेव्हा पण डिस्प्ले नाहीच). स्क्रीनशॉट स्वच्छ आला आणि डोळ्यांना मात्र रेघा दिसतायत, तर बहुतेक वेळा पॅनेल नाहीतर फ्लेक्स. लपलप क्षणात येऊन जात असेल तर एका शॉटमध्ये सापडणार नाही, तेव्हा स्क्रीन रेकॉर्डिंग लावायचं.

आता ह्यातली मेख. तो स्क्रीनशॉट त्याच फोनवर बघायचा नाही! तासगावकडचे माझे मामा, द्राक्षबागेत ब्लोअरनं औषध मारताना फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायची सवय, औषधाचे तुषार सगळे त्याच्यावर. एक दिवस फोन आला, स्क्रीनवर हिरव्या रेघा नाचतायत म्हणून. म्हटलं मामा, स्क्रीनशॉट काढून मला पाठवा.

"पाठवला की. बघ, ह्यात पण रेघा आल्यात."

"मामा, माझ्याकडं एकदम क्लीन दिसतोय."

"आरं असं कसं, माझ्या डोळ्यापुढं दिसतायत की रेघा!"

दिसणारच ना. रेघा काचेत आहेत, तुम्ही त्या काचेवर काहीही उघडा, देवाचा फोटो उघडा, त्याच्यावर पण रेघा दिसणार. स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर पाठवल्याशिवाय ही टेस्ट टेस्टच नाही. माझा अंदाज असा की "मी स्क्रीनशॉट काढून बघितला, त्यात पण येतंय, म्हणजे सॉफ्टवेअर आहे" असं छातीठोक सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तो त्याच फोनवर बघितलेला असतो, आणि मग ते पुढं रिसेट मारतात, आणि मग रिसेटनंतर पण रेघा तशाच, मग अपडेटला शिव्या.

दुसरी तऱ्हा ह्याच्या उलटी. स्क्रीनशॉट मागितला की दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यानं व्हिडिओ काढून पाठवतात, आणि त्यात काळे पट्टे वरखाली सरकताना दिसतात म्हणून घाबरतात. अहो ते चांगल्या फोनला पण दिसतात. बरेच अ‍ॅमोलेड पॅनेल (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो) ब्राइटनेस कमी करायला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात, काही फोनात २४० वेळा, काहीत हजारोंनी. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. काहींना त्यानं डोकं दुखतं हे खरंय, पण तो बिघाड नाही.

बरं, स्क्रीनशॉटची टेस्ट कुठं फसते तेही सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही ती पण मंत्रासारखी म्हणत बसाल. ब्राइटनेस. चित्र व्यवस्थित आहे, फक्त उजेड कमीजास्त होतोय, तर स्क्रीनशॉटमध्ये काहीच येणार नाही, मग दोष कुठंही असो. इथं आधी ऑटो ब्राइटनेस बंद करायचा. उजेड मोजणाऱ्या सेन्सरवर जाड टेम्पर्ड ग्लासची कड आली असली, कव्हर सरकलं असलं, किंवा सांगली-मिरज बसमध्ये खिडकीशी बसून झाडांच्या सावल्या येता-जाता फोन बघत असला तर उजेड खालीवर होणारच, तो फोन त्याचं काम करतोय. मग रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र नवं करते तो आकडा. १२० हर्ट्झवाले फोन मधेच ६० वर येतात, पुन्हा वर जातात, आणि ब्राइटनेस अगदी कमी असताना, रात्री अंथरुणात करड्या रंगाच्या स्क्रीनवर, ह्या बदलात एक झटका जाणवतो. सेटिंगमध्ये जाऊन ६० वर अडकवून ठेवा, झटका गेला तर ते पॅनेल मेलेलं नाही. आणि स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू केल्या केल्या लपलप थांबत असेल तर माझा संशय सॉफ्टवेअरवरच जातो, कारण रेकॉर्डिंग चालू असताना वेगवेगळ्या अ‍ॅप्सचे थर जोडून एक चित्र करायची पद्धत बदलते.

ह्याच कारणानं डेव्हलपर ऑप्शनमधलं (सेटिंगमधला लपवलेला मेनू) ते "एचडब्ल्यू ओव्हरले बंद करा" हे सेटिंग सल्ला म्हणून फिरत असतं, त्यानं थर जोडायची पद्धत बदलते. ते औषध नाही हो, तपासणी आहे. बंद केल्यावर लपलप थांबली तर दोष चित्र जोडण्यात आहे एवढं कळतं, आणि फोन रीस्टार्ट केला की ते सेटिंग परत पूर्ववत होतं, म्हणून मग "दोन दिवस चांगला चालला, परत सुरू झालं" अशी तक्रार. त्याच डेव्हलपर ऑप्शनमध्ये पोरं "सरफेस अपडेट दाखवा" नाहीतर स्ट्रिक्ट मोड चालू करून ठेवतात, बिल्ड नंबरवर सात वेळा टकटक करून आत गेलेली असतात ना, आणि मग स्क्रीन हलली की रंगीत चमक, नाहीतर कडेनं लाल चौकट भक्कन येऊन जाते. असला फोन डिस्प्ले बदलायला दुकानात येतो हे ऐकून हसू येतं, पण येतो. डेव्हलपर ऑप्शनच बंद करा, विषय संपला.

माझी सगळ्यात आवडती टेस्ट मात्र वेगळीच आहे, आणि ती कुणी करत नाही. फोन पूर्ण बंद करा आणि चार्जरला लावा. बॅटरीचं चित्र येतं ना, तेव्हा बघा. मग चालू करा आणि कंपनीचा लोगो येतो तेव्हा बघा. तिथं अजून अँड्रॉइड उठलेलं पण नाही, तुमचं एकही अ‍ॅप जागं नाही. तिथंच रेघा किंवा लपलप असेल तर रिसेटचं नाव काढू नका. लोगो स्वच्छ आला आणि लॉक स्क्रीननंतर सुरू झालं तर अजून आशा आहे. फोन गरम झाल्यावरच होत असेल तर दोन्ही वेळा बघा, थंड असताना आणि तापल्यावर.

"अपडेट टाकलं आणि हिरवी लाईन आली" हा आणखी एक वाद. अ‍ॅमोलेडवर वरपासून खालपर्यंत जी सरळ उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ येते ती पॅनेलच्या जोडणीतला दोष आहे, अपडेट काढून टाकून ती जात नाही. अपडेट होताना फोन बराच वेळ तापतो, कमजोर झालेली जोडणी नेमकी तेव्हा सुटू शकते, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच दिवशी दिसतात. अपडेटला दोष द्यायचा तर द्या, पण औषध सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. पैसे मोजायच्या आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा मात्र, वनप्लसनं २०२४ मध्ये भारतात ग्रीन लाईनसाठी लाईफटाईम वॉरंटी जाहीर केली होती, आणि वॉरंटी संपलीय म्हणून न विचारताच बाहेर कॉपी डिस्प्ले टाकणारे लोक आहेत.

टचचा घोळ वेगळा ठेवा. चार्जिंगला लावल्यावर कीबोर्ड आपोआप उघडतोय-मिटतोय, आपोआप कुणाला तरी फोन लागतोय, तो टच वेडा झालाय, डिस्प्ले नाही. आधी चार्जर बदला. रस्त्यावरचा शंभराचा चार्जर असेल तर फेकून द्या.

हार्डवेअरच आहे असं ठरलं तर पुढचं. फोन पडल्यावर सुरू झालं असेल, कडेला बोटानं अगदी हलकं दाबलं की थांबत असेल नाहीतर वाढत असेल, तर फ्लेक्सचा कनेक्टर ढिला असायची शक्यता आहे आणि तो नुसता काढून परत बसवून पण काम होऊ शकतं. पण दाबायच्या आधी फोन टेबलावर पालथा ठेवून बघा, पाठ फुगलीय का, स्क्रीनची कड उचललीय का. बॅटरी फुगून आतनं डिस्प्लेला ढकलत असेल तर दाबणं म्हणजे आगीशी खेळ, बंद करा, चार्जिंगला लावू नका, सरळ दुकानात न्या. एलसीडीवाला फोन काळा पडला असेल तर अंधारात टॉर्च तिरका मारून बघा, आत अंधुक चित्र दिसलं तर चित्र बनतंय, मागचा बॅकलाईट गेलाय.

पाण्याचं आपल्याकडं विशेष सांगावं लागतं. सातारचं पब्लिक पावसाळ्यात कासला जातं, यवतेश्वरच्या घाटात धुकं आणि बारीक पाऊस, फोन बाईकच्या हँडलला, आणि वर "आयपी ६८ आहे, काय होत नाही". तो पाणी-धूळ आत न जाण्याच्या रेटिंगचा आकडा नव्या फोनचा, लॅबमधल्या स्वच्छ पाण्यातला. गोंद जुना होतो, एकदा दुकानात उघडलेल्या फोनचं तर नावच सोडा. आणि भिजलेला फोन लगेच चालू झाला म्हणजे सुटला असं नाही, कनेक्टरवर हिरवट गंज हळूहळू चढतो, लपलप नंतर कधीतरी सुरू होते आणि तोपर्यंत तुम्ही पाऊस विसरलेले असता. तांदळाच्या डब्यात घालणं तर सोडाच आता, ॲपलनं पण सांगून झालं करू नका म्हणून. कनेक्टर उघडून साफ करणं हाच उपाय.

आणि रिसेटवर माझा राग का, तर डिस्प्ले मरायला टेकलाय आणि टच अर्धवट चालतोय अशा फोनला रिसेट मारला की तो चालू होताना जुनं गूगल अकाउंट आणि पासवर्ड मागू शकतो. आता अर्ध्या मेलेल्या स्क्रीनवर पासवर्ड टाका बघू. फोटो गेले ते वेगळेच. रिसेट सगळ्यात शेवटी, आणि त्याच्या आधी बॅकअप, तोही लपलप दिसली त्याच दिवशी, कारण उद्या टच चालेल ह्याचा भरवसा नाही. टच गेलाच तर बऱ्याच अँड्रॉइड फोनला ओटीजी (चार्जिंगच्या भोकात बसणारा छोटा अडॅप्टर) लावून माउस जोडता येतो, दिसतंय तेवढ्यावर फोटो काढून घेता येतात.

दुकानात गेल्यावर "लपलप करतोय" एवढंच सांगून फोन हातात देऊ नका. सांगा, स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर बघितला, क्लीन आहे, लोगोला पण रेघ येतीय, कनेक्टर काढून बसवून बघा आधी. चांगला कारागीर लगेच ओळखतो की गिऱ्हाईकाला कळतंय. नवा टाकायचाच असेल तर जुन्या फ्रेममध्ये चिकटवायच्या आधी नुसता जोडून दाखवा म्हणा, ऑटो ब्राइटनेस आणि एकदम कमी ब्राइटनेस दोन्ही तुमच्यासमोर लावून, कारण स्वस्तातले कॉपी फोल्डर नेमके कमी उजेडाला लपलप करतात, आणि तेव्हा परत कुणीतरी म्हणणार, रिसेट मार. बिलावर ओरिजनल का कॉपी ते लिहून घ्या आणि जुना डिस्प्ले मागून घ्या, तुमच्या पैशाचा आहे.