निर्वासिताला पेन्शनरपेक्षा जास्त पैसे? खुलासा

‘सरकार निर्वासितांना पेन्शनरांपेक्षा जास्त पैसे देतं’ हा संदेश वीसेक वर्षं फिरतोय. मूळ कॅनडातलं. 2004 च्या सुमारास कुणीतरी नव्याने आलेल्या निर्वासिताला संसार मांडायला मिळणारी एकरकमी मदत दरमहाच्या भत्त्यात मिळवली आणि आकडा फुगला. कॅनडा सरकारने खुलासा केला, पण तोवर मजकूर ऑस्ट्रेलिया, ब्रिटनमध्ये पोहोचला होता. बदललं ते फक्त चलन!

ब्रिटनचाच हिशेब पाहा. 2024 मध्ये आश्रयाचा अर्ज केलेल्या निराधार माणसाला राहायला जागा आणि आठवड्याला 49.18 पौंड मिळत. म्हणजे दिवसाला जेमतेम सात पौंड, त्यात जेवण, कपडे, बसभाडं, फोन सगळं आलं. सरकारने हॉटेलात ठेवलं असेल आणि तिथे जेवण मिळत असेल तर हातात आठवड्याला फक्त 8.86 पौंड. त्याच वर्षी एप्रिलपासून नवी पूर्ण सरकारी पेन्शन आठवड्याला 221.20 पौंड होती. मग काम करावं म्हटलं, तर अर्ज प्रलंबित असताना सहसा परवानगी नाही. वर्षभर निकाल लागला नाही तरच ती मागता येते, तीही ठरावीक कामांपुरती.

एकट्याने आलेल्या अठराखालच्या मुलांची जबाबदारी स्थानिक कौन्सिलची असते. पण वकिलाकडे जायचं बसभाडं, थंडीचा कोट, इंग्रजीचा सराव, फॉर्म भरायला सोबत यासाठी बऱ्याचदा गावातल्या संस्था आणि आधी येऊन स्थिरावलेले लोकच धावून येतात. फुकट्यांचे लाड म्हणतात ते बहुधा हेच.