आयआरएमधून थेट दिलेली देणगी टॅक्स रिटर्नमध्ये कशी दाखवायची?

अमेरिकेत निवृत्त झालेल्या बऱ्याच मराठी मंडळींना आयआरएमधून, म्हणजे स्वतःच्या निवृत्तीच्या बचत खात्यातून, थेट देणगी देण्याची सोय, म्हणजे क्यूसीडी, माहीत असते. घोळ होतो तो पुढच्या वर्षी रिटर्न भरताना.

जानेवारीत येणाऱ्या फॉर्म १०९९-आर वर वर्षभरात खात्यातून निघालेली सगळी रक्कम एकत्र छापलेली असते. त्यातले संस्थेला किती गेले, हे त्यावरून कळत नाही. २०२५ पासून क्यूसीडीसाठी ‘वाय’ हा कोड आला आहे, पण तो फॉर्मवर असेलच असे धरून चालू नका. हिशेब तुम्हालाच दाखवायचा आहे. समजा, वर्षात ३०,००० डॉलर काढले आणि त्यातले १२,००० थेट संस्थेला गेले. फॉर्म १०४० च्या ४ए ओळीत ३०,००० लिहा, ४बी मध्ये १८,०००. आधी ४बी च्या शेजारी क्यूसीडी ही अक्षरे लिहावी लागत. २०२५ च्या फॉर्मवर ४सी ओळीत त्यासाठी चौकट आहे. टॅक्स सॉफ्टवेअर वापरत असाल तर हा प्रश्न घाईत ‘पुढे’ दाबून सोडू नका, नाहीतर पूर्ण ३०,००० वर कर लागेल. सीए किंवा सीपीएकडे काम दिले असेल तर त्यांना आपणहून सांगा.

हीच रक्कम शेड्यूल ए मध्ये, म्हणजे वजावटींच्या तक्त्यात, वजावट म्हणून पुन्हा दाखवता येत नाही. आयआरएमध्ये कर भरलेले पैसेही असतील तर फॉर्म ८६०६ सुद्धा लागू शकतो.

पात्रतेत वयाची अट काटेकोर आहे: पैसे निघतील त्या दिवशी साडेसत्तर वर्षे पूर्ण हवीत. ४०१(के), म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून, हे जमत नाही. २०२५ साठी मर्यादा माणशी १,०८,००० डॉलर. नवरा-बायकोची स्वतंत्र, ज्याची त्याच्या आयआरएमधून. त्र्याहत्तरीनंतर सक्तीने काढावी लागणारी रक्कम, म्हणजे आरएमडी, यातून भागते. करपात्र उत्पन्नच कमी दिसत असल्याने मेडिकेअरचा हप्ता चढण्याची भीतीही कमी होते, आणि माझ्या मते खरा फायदा तिथेच आहे.

चेक संस्थेच्याच नावे हवा. तो टपालाने तुमच्या घरी आला तरी चालतो. संस्था ५०१(सी)(३), म्हणजे अमेरिकेतली करमुक्त धर्मादाय संस्था, म्हणून नोंदलेली हवी. गावच्या शाळेला किंवा देवस्थानाला थेट पाठवलेले पैसे यात बसत नाहीत. डोनर अॅडव्हाइज्ड फंड, म्हणजे आधी पैसे ठेवून नंतर संस्था सुचवायचे देणगी खाते, तेही नाही.

रिटर्न भरण्यापूर्वी संस्थेचे पत्र हाती असू द्या. त्यात तारीख, रक्कम आणि ‘बदल्यात काहीही दिलेले नाही’ हे वाक्य हवे. देणगीबद्दल मंडळाने गणेशोत्सवाच्या जेवणाचे पास हातात ठेवले, तर त्या पासांच्या किमतीपुरतीच नव्हे, सगळीच सवलत जाऊ शकते. पास वेगळे पैसे देऊन घ्या.