वारशाने आलेली मनगटी घड्याळे : जपणुकीच्या नियमांची पार्श्वभूमी

डायल पुन्हा रंगवू नये, केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला, पॉलिश करू नये, बदललेले जुने भाग टाकून देऊ नयेत, असे सल्ले आज आजोबांचे घड्याळ हाती आलेल्या प्रत्येकाला मिळतात. मात्र हे सल्ले वयाने त्या घड्याळांपेक्षा बरेच लहान आहेत. पहिल्या महायुद्धात पुरुषांचे घड्याळ खिशातून मनगटावर आले आणि पुढची पाच दशके ते रोजच्या वापराची वस्तू म्हणूनच राहिले. सेकंदाला ५ ठोके देणारे यंत्र दिवसाला ४,३२,००० ठोके देते, आणि त्या काळी वंगणासाठी वापरली जाणारी प्राणिज तेले काही काळाने घट्ट होत, त्यामुळे घड्याळ वरचेवर उघडून साफ करणे भागच असे. त्याच भेटीत काळवंडलेली डायल रंगवून घेणे, काटे बदलणे आणि केसवरचे ओरखडे घासून काढणे यात कोणाला वावगे वाटत नसे. तेव्हाची जपणूक म्हणजे घड्याळ चालते आणि नवे दिसते ठेवणे.

हा अर्थ पालटला तो १९६९ नंतर. त्या वर्षाच्या अखेरीस पहिले क्वार्ट्झ, म्हणजे चावीऐवजी सेलवर चालणारे, मनगटी घड्याळ विक्रीस आले, आणि १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात असलेली सुमारे ९०,००० माणसे १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ३०,००० च्या आसपास उरली. सुटे भाग बनवणारे कारखाने बंद पडले आणि कसबी कारागीरही विरळ झाले. नंतर चावीच्या घड्याळांचे मोल पुन्हा वाढले ते वेळ दाखवण्यासाठी नव्हे, तर ती मूळ रूपात टिकली म्हणून. आणि मग आदल्या पिढीने मायेने करवून घेतलेले रंगकाम हेच घड्याळाचे नुकसान ठरले.

या सगळ्यात सर्वांत जास्त घोळ घातला आहे तो ‘रेडियम’ या शब्दाने. मराठीत अंधारात चमकणारी कोणतीही वस्तू ‘रेडियमची’ असते, अगदी वाहनांवर चिकटवायची परावर्तक पट्टीसुद्धा. त्यामुळे घरातले एखादे घड्याळ रेडियमचे आहे असे कोणी सांगितले, तरी त्यातून निश्चित असे काहीच कळत नाही. खरे रेडियम, म्हणजे किरणोत्सर्गी मूलद्रव्य, डायलवर आणि काट्यांवर साधारणपणे १९१० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत वापरले गेले. १९२० च्या दशकात कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवत डायली रंगवणाऱ्या कामगार मुलींची जबड्याची हाडे झिजली, काहींचे प्राण गेले, तरीही हा रंग वापरातून जायला त्यानंतर आणखी चार दशके लागली. त्याची जागा ट्रिटियम या दुसऱ्या किरणोत्सर्गी पदार्थाने घेतली, ज्याची खूण म्हणून डायलच्या खालच्या कडेला बहुधा इंग्रजी ‘टी’ हे अक्षर आढळते. १९९० च्या दशकापासून मात्र किरणोत्सर्ग न करणारे, उजेड साठवून चमकणारे रंग आले.

ट्रिटियम साधारण १२.३ वर्षांत निम्मे होते, रेडियमला मात्र निम्मे व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात. अंधारात चमकत नाही म्हणजे रेडियम संपले, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. संपलेला असतो तो त्यात मिसळलेला, प्रकाश देणारा क्षार. वर्षानुवर्षे कपाटात एकाच जागी थांबलेल्या घड्याळाच्या डायलवर काट्याच्या आकाराचा तपकिरी डाग पडतो, तो रेडियमच्या किरणांनी भाजल्याचा असतो.

असा रंग खरवडून नवा भरावा की नाही, यावर आजही एकमत नाही. धोका नको म्हणून तो काढावाच, असे एका बाजूचे म्हणणे आहे, तर दुसऱ्या बाजूला तो घड्याळाच्या मूळपणाचा भाग वाटतो. प्रस्तुत लेखकाला दुसरी बाजू अधिक पटते, पण संग्राहक देतात त्या कारणासाठी नव्हे. रेडियममधून निघणारे अल्फा किरण काच किंवा धातू भेदू शकत नसल्याने बंद घड्याळातून बाहेर येत नाहीत. खरी भीती केस उघडल्यावर सुटणाऱ्या भुकटीची, म्हणजे ती श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाण्याची असते, आणि खरवडण्याच्या कामात नेमकी तीच निर्माण होते. घरी केस उघडू नये आणि दुरुस्तीला देताना कारागिराला आधीच सांगावे, हा सल्ला दोन्ही बाजूंना मान्य आहे.

तेलाची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. कृत्रिम तेले आल्यावर दरवर्षी ऑइलिंग करून घेण्याची गरज उरली नाही, परंतु ‘कपाटात पडून होते, झिजणार कसे’ हा तर्क फसवा आहे, कारण तेल पडून राहूनही सुकते आणि अशा घड्याळाला हौसेने चावी देऊन चालवत ठेवले की झीज सुरू होते.

आता १९७० आणि १९८० च्या दशकांतील क्वार्ट्झ घड्याळेही वारशात येऊ लागली आहेत. त्यांचे सर्किट गेले तर ते बहुधा दुरुस्त होत नाही, दुसऱ्या तशाच घड्याळातून काढून बसवावे लागते. आणि ते जाण्याचे नेहमीचे कारण आतच विसरलेला, पाझरलेला सेल असल्याने, घड्याळ ठेवून द्यायचे असेल तर सेल आधी काढून घ्यावा.