सहा पेन्सांचे भूत

१७९४ साली अ‍ॅन रॅडक्लिफ यांच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ या चार खंडी भयकादंबरीसाठी इंग्लंडमधल्या प्रकाशकाने ५०० पौंड मोजले. दोन वर्षांनी मॅथ्यू लुईसच्या ‘द मंक’ या तशाच कादंबरीवरून गहजब माजला. पडके किल्ले, तळघरे, कोंडलेल्या नायिका हा सगळा मसाला होरेस वॉलपोलने १७६४ मध्येच वाटून ठेवला होता. त्याचे खरे वेड लागले ते तीस वर्षांनी. अडचण एवढीच, की वेड लागलेल्या बहुतेकांना ही पुस्तके विकत घेणे परवडत नव्हते.

फ्रान्सशी युद्ध सुरू होते, कागद महाग, वर त्यावर कर. दोन-तीन खंडांचा संच दहा-पंधरा शिलिंगांच्या घरात जाई आणि शेतमजुराची आठवड्याची कमाईही साधारण तेवढीच. विल्यम लेनच्या मिनर्व्हा प्रेससारख्या प्रकाशकांनी वर्गणीची वाचनालये थाटली, पण वर्गणीसुद्धा मध्यमवर्गालाच झेपणारी होती. कायद्याने मात्र एक पळवाट ठेवली होती. १७४० च्या एका खटल्यापासून इंग्लंडमध्ये प्रामाणिक संक्षेप हे नवे पुस्तकच मानले जाई. म्हणजे चार खंड पिळून एक चोपडी काढली, तर मूळ लेखकाला दमडीही द्यावी लागत नसे.

या चोपड्या म्हणजेच ‘ब्लूबुक’. वर स्वस्त निळा कागद, आत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले एक भडक चित्र, किंमत सहा पेन्स किंवा एक शिलिंग (म्हणजे बारा पेन्स). पाने बहुधा ३६ किंवा ७२. हा आकडा कथानक नव्हे, तर कागदाच्या तावाच्या घड्या ठरवत. त्यामुळे शेवटच्या दोन पानांत खून, कबुली आणि लग्न उरकलेले दिसते. उलट जागा उरलीच, तर एखादी किरकोळ गोष्ट घालून ती भरून काढत.

‘द मंक’मधले रेमंड आणि अ‍ॅग्नेस यांचे उपकथानक या बाजारात सर्वाधिक पिळले गेले असावे. लिंडेनबर्गच्या किल्ल्यात रक्ताळलेल्या जोगिणीचे भूत फिरते अशी वदंता असते. अ‍ॅग्नेस तिचे सोंग घेऊन प्रियकर रेमंडबरोबर पळायचे ठरवते. ठरल्या रात्री दिवा आणि खंजीर घेतलेली बुरख्यातली बाई येते, रेमंड तिला गाडीत बसवून घोडे उधळतो आणि मग कळते, की शेजारी बसली आहे ती खरीच जोगीण! एवढा प्रसंग हाती असताना लुईसचे बाकीचे खंड हवेत कोणाला? रॅडक्लिफबाईंची लांबच लांब डोंगरवर्णने आणि मधल्या कविताही अशाच गळाल्या. टीकाकारांनी याला अभिरुचीचा ऱ्हास म्हटले. मला ते कात्रीचे कसब वाटते.

ती कात्री बऱ्याचदा बायकांच्या हाती होती. अ‍ॅन लेमोइन या बाईने लंडनमध्ये स्वतःच्या नावाने शेकडो चोपड्या छापल्या. सेरा विल्किन्सनने शंभराच्या आसपास लिहिल्या, त्यांतल्या काही लेमोइनसाठीच. तिची मिळकत मात्र कधीच पुरली नाही. तिने लेखकांना मदत देणाऱ्या निधीकडे अर्ज केले आणि १८३१ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या गरीबखान्यात ती वारली.

वाचक फक्त मोलकरणी आणि उमेदवार कामगार होते, असे समजायचे कारण नाही. कवी शेली शाळेत असताना या निळ्या चोपड्या अधाशासारखा वाचायचा, असे त्याचा नातलग आणि शाळासोबती थॉमस मेडविन सांगतो. शेलीने अठराव्या वर्षाच्या आसपास लिहिलेल्या ‘झास्ट्रोझी’ (१८१०) आणि ‘सेंट अर्विन’ या कादंबऱ्या वाचल्यावर मेडविनचे म्हणणे पटते.

१८२० नंतर मासिके आली, वाफेचे छापखाने रुळले आणि निळी चोपडी मागे पडली. पुढच्या दोन दशकांत आठवड्याला एक पेनी देऊन हप्त्याहप्त्याने भयकथा मिळू लागली. त्या काळचा सर्वांत खपाऊ लेखक जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. १८४४ पासून त्याची ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ निघू लागली. पुढे त्याच्या कादंबऱ्या हिंदुस्थानातही प्रचंड वाचल्या गेल्या आणि मराठीतही उतरल्या.