अपोलो जस्टिस: एस अटर्नी

कॅपकॉम या जपानी कंपनीचा न्यायालयीन व्हिडिओ साहसखेळ. ‘एस अटर्नी’ मालिकेतला चौथा मुख्य भाग. निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या खेळयंत्रासाठी तो जपानमध्ये १२ एप्रिल २००७ रोजी आणि अमेरिकेत फेब्रुवारी २००८मध्ये आला. कथालेखन शू ताकुमी यांचे.

पहिल्या तीन भागांचा नायक फिनिक्स राइट इथे वकील उरलेला नाही. बनावट पुरावा सादर केल्याच्या ठपक्यावरून सात वर्षांपूर्वी त्याची सनद गेली. पहिल्याच खटल्यात तो खुनाचा आरोपी आहे आणि त्याचे वकीलपत्र घेतो बावीस वर्षांचा नवशिका अपोलो जस्टिस. पुढच्या खटल्यांत समोर असतो सरकारी वकील क्लाव्हिएर गॅव्हिन, जो रॉक बँडही चालवतो. ताकुमींच्या मते फिनिक्सची गोष्ट तिसऱ्या भागातच संपली होती, पण कंपनीला तो हवा होता. ही ओढाताण खेळात दिसते: शेवटच्या प्रकरणाची सूत्रे फिनिक्सच्याच हाती जातात आणि अपोलो स्वतःच्या खेळात पाहुणा होतो.

वडोदऱ्यात सुरसागरकाठच्या न्यायमंदिरात (इमारत १८९६ची, जिल्हा न्यायालय २०१८मध्ये दिवाळीपुऱ्यात गेले) तारखांना हेलपाटे घातलेल्या मराठी माणसाला इथले कोर्ट अजबच वाटेल. मालिकेच्या नियमाप्रमाणे खटला तीन दिवसांत निकाली निघतो. मुद्देमाल वकीलच घटनास्थळी हिंडून गोळा करतो. न्यायाधीश हातोडा आपटतात, तो आपल्याकडच्या कोर्टात नसतोच.

खेळाचा गाभा उलटतपासणी. साक्ष चारपाच विधानांत तुकड्यातुकड्याने येते. प्रत्येक विधानावर साक्षीदाराला हटकता येते आणि त्याला सहसा दंड नसतो, म्हणून आधी सगळी विधाने हटकून घ्यावीत. कधी कधी हटकल्यावरच नवे विधान जोडले जाते. मग विसंगत विधानावर पुरावा ठेवून हरकत घ्यायची. ती चुकली की पडद्यावर वर दिसणारी पट्टी घटते आणि पट्टी संपली की आरोपी दोषी ठरतो. नवखे खेळाडू बहुतेक एकाच कारणाने अडकतात: विधान खोटे आहे हे त्यांना कळते, पण पुराव्याचा तपशील त्यांनी उघडून वाचलेला नसतो. शवविच्छेदन अहवालातली वेळ आणि नकाशावरचे दार तपासल्याशिवाय हरकत घेऊ नये.

अपोलोचे वेगळेपण म्हणजे त्याचे कडे. साक्षीदार काही लपवू लागला की ते मनगटावर आवळते. मग साक्षीदार मोठा दिसू लागतो, विधान संथपणे पुढे सरकते आणि ठरावीक शब्दावर त्याची एखादी लकब उमटते. पहिल्या खटल्यातली साक्षीदार मानेकडे हात नेते. नजर नेमकी तिथे हवी आणि शब्दही नेमका तोच. सगळे शरीर एकाच वेळी न्याहाळू पाहणाऱ्याचा तो क्षण हुकतो. त्यापेक्षा एका फेरीत फक्त हात, पुढच्या फेरीत मान, असे पाहावे. कल्पना सुरेख आहे. मात्र कडे कोणत्या विधानावर आवळेल याचा अंदाज कमी आणि चाचपणीच जास्त करावी लागते.

तपासात पोलीस तपासनीस एमा स्काय मदतीला असते. बोटांच्या ठशांसाठी डीएसच्या पडद्यावर बोटाने भुकटी टाकायची आणि मायक्रोफोनमध्ये फुंकर मारून जादा भुकटी उडवायची. भुकटी कमी पडली किंवा नीट उडाली नाही, तर ठसा अर्धवट उठतो आणि संशयितांच्या ठशांशी जुळवता येत नाही. तिसरे प्रकरण मात्र रेंगाळते. मैफलीचे तेच चित्रण पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

शेवटच्या प्रकरणात सात वर्षांपूर्वीचा काळ आणि वर्तमान यांत ये-जा आहे: एका काळातली वस्तू दुसऱ्या काळातल्या माणसाला दाखवायची असते. इथे गाडी अडली तर दोन्ही काळांतल्या प्रत्येक पात्रापुढे नवी वस्तू ठेवून पाहावी. निकालही न्यायाधीश देत नाहीत. सहा नागरिक देतात. जपानमध्ये न्यायाधीशांसोबत नागरिक बसवण्याची खरी पद्धत २१ मे २००९पासून अमलात आली. तिची चर्चा खेळाच्या वेळीच चालू होती. भारतात याउलट १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर फौजदारी खटल्यांत ज्यूरीला जागाच राहिली नाही.

२०१३च्या पुढच्या भागात फिनिक्स पुन्हा वकील झाला आणि अथेना साइक्स ही आणखी एक नवी वकील आली. तो भाग, त्याच्यापुढचा भाग आणि हा खेळ २५ जानेवारी २०२४पासून स्विच, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व संगणकावर एकत्र मिळतात. मराठी, गुजराती किंवा हिंदी पर्याय नाही. इंग्रजी संवाद भरभर जमत नसतील तर एकाने वाचून अर्थ सांगावा आणि दुसऱ्याने साक्षीदारावर डोळा ठेवावा; कड्याच्या प्रसंगांत ही जोडी एकट्या खेळाडूपेक्षा कमी चुकते.