तेइनेइगो आणि तामेगुची

जपानीत समोरच्याशी अदबीने बोलण्याला तेइनेइगो आणि बरोबरीच्या नात्याने मोकळे बोलण्याला तामेगुची म्हणतात. 'तामे' हा मूळचा जुगाऱ्यांचा शब्द. दोन्ही फाशांवर सारखेच ठिपके पडले की ते 'तामे'; 'गुची' म्हणजे तोंड.

मराठी माणसाला ही जोडी अहोजाहो आणि अरेतुरेसारखी वाटते, पण जपानीत 'तू' किंवा 'तुम्ही' बहुतेक वेळा उच्चारलेच जात नाही. वरिष्ठांना 'आनाता' म्हणणे तर उद्धटपणाचे. त्यांना आडनावापुढे 'सान' लावून किंवा हुद्द्याने हाक मारतात. अदब कळते ती वाक्याच्या शेपटावरून. मित्राला 'ताबेरु?' (खाणार?) एवढे पुरते, अनोळखी माणसाला 'ताबेमास का?' विचारावे लागते. नामाला मित्रांत 'दा' जोडतात किंवा काहीच नाही, इतरांशी 'देस'. क्रीडामंडळांतली पोरे थोरांशी बोलताना हा 'देस' गिळून नुसता 'स्सु' ठेवतात: 'सो स्सु ने' (खरंय).

देस-मासची अदब ऐकणाऱ्यासाठी असते. ज्याच्याविषयी बोलायचे त्याचा मान राखायला क्रियापदच बदलते: पाहुणे 'मेशिआगारु' (जेवतात), आपण 'इतादाकु'. या सगळ्या आदरार्थी भाषेला केइगो म्हणतात. तिचे पूर्वी सहसा तीन प्रकार मानत. 2007 साली जपानच्या सांस्कृतिक व्यवहार परिषदेने मार्गदर्शिकेत पाच केले. नवशिक्याचे त्यावाचून फारसे अडत नाही.

अडते ते 'उचि' (आपले) आणि 'सोतो' (परके) या भेदापाशी. बाहेरून फोन येतो, साहेब जागेवर नाहीत. मराठीत आपण सहज म्हणतो, 'साहेब बाहेर गेलेत.' जपानी कारकून म्हणतो, 'तानाका वा गाइशुत्सु शिते ओरिमास.' 'सान' गळाले आणि क्रियापदही नम्रतेचे आले, कारण फोनवरच्या परक्यापुढे साहेबसुद्धा 'आपल्यातले'. फोन ठेवला की तेच पुन्हा 'तानाका-बुचो' (विभागप्रमुख). याच न्यायाने स्वतःचे वडील बाहेरच्यांशी बोलताना 'चिचि', घरात 'ओतोसान'.

सलगीवर कधी यायचे, हे बहुधा थोराने ठरवायचे. 'तामेगुची दे इइ यो' (मोकळे बोललास तरी चालेल) असे तो म्हणेपर्यंत धाकट्याने देस-मास सोडू नये. उलटा प्रवासही होतो: नवराबायकोच्या भांडणात एकाएकी देस-मास सुरू झाले, तर तो आदर नसतो, अबोल्याची पहिली पायरी असते.

शिकणारे आणखी एक चूक करतात, दिसेल त्या क्रियापदाला 'मास' लावायची. 'किनो कात्ता होन देस' (काल घेतलेले पुस्तक आहे) यात 'कात्ता' साधेच राहते, शेवटचा 'देस' सगळ्या वाक्याची अदब सांभाळतो. स्वतःशी बोलताना तर त्याचीही गरज नाही. साहेबांसमोर चहाचा चटका बसला, तरी तोंडून नुसते 'आत्सुइ!' (गरम!) निघते.